शाळेचा व्हॉलिबॉल आणि क्लबचा व्हॉलिबॉल: तारखा एकमेकींवर आल्या की तुम्ही काय करता?

अंगणवेल
नमस्कार. इथे खेळणाऱ्या मुलांचे बरेच पालक आहेत, म्हणून विचारते आहे. जरा लांब होईल.

आम्ही दक्षिण कॅलिफोर्नियात असतो. मुलगा दहावीत आहे, सहावीपासून व्हॉलिबॉल खेळतो, सेटर आहे, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारा. इकडे मुलींचा शाळेचा सीझन ऑगस्ट ते नोव्हेंबर असतो आणि मुलग्यांचा फेब्रुवारी ते मे. मुलग्यांचे शाळेबाहेरचे क्लब सप्टेंबर-ऑक्टोबरला सुरू होतात, जानेवारीपर्यंत स्पर्धा खेळतात, शाळेच्या सीझनमध्ये थांबतात, आणि मे संपता संपता पुन्हा सुरू होऊन जुलैच्या सुरुवातीच्या नॅशनल्सपर्यंत, म्हणजे क्लबच्या राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत, चालतात. कागदावर दोघांनाही जागा आहे. भांडण होतं ते जिथे एक संपतो आणि दुसरा सुरू होतो तिथे.

या वर्षी क्लबने फेब्रुवारीतल्या प्रेसिडेंट्स डेच्या लाँग वीकेंडला दुसऱ्या राज्यातली मोठी स्पर्धा घेतली आहे. तीन दिवस, विमानप्रवास, हॉटेल त्यांच्याच यादीतलं घ्यायचं. शाळेचा पहिला सामना त्याच्या आधीच्या मंगळवारी. आमच्या राज्याची शालेय क्रीडा संघटना, सीआयएफ, तिचा नियम ६०० सांगतो की शाळेच्या सीझनमध्ये त्याच खेळाच्या बाहेरच्या संघातून सामना खेळलात तर शाळेच्या संघासाठी अपात्र. म्हणजे मंगळवारी शाळेकडून कोर्टवर उतरला की शनिवारी क्लबकडून उतरता येत नाही.

क्लबचे कोच म्हणतात, दुसरा सेटर नाही, तू आला नाहीस तर बाकीच्या नऊ जणांचे पैसे वाया जातील. शाळेचे कोच म्हणतात, पहिल्या सामन्याला नसलास तर व्हर्सिटीतली (शाळेच्या मुख्य संघातली) जागा दुसऱ्याला देईन. दोघंही हे त्याच्याशी बोलतात. एकमेकांशी बोलत नाहीत आणि आमच्याशीही नाही. पोरगं सोमवारी एकाचा निरोप घेऊन येतं, बुधवारी दुसऱ्याचा. दहा दिवस झाले, ताटात वाढलेलं तसंच ठेवून उठतो. काल रात्री म्हणाला, "आई, मी दोघांनाही हो म्हटलंय."

त्यात सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन साताऱ्याला जुलैच्या पहिल्या आठवड्यात ठरलंय, नेमकं नॅशनल्सच्या दिवसांत. तो प्रश्न वेगळा, पण घरात सगळं एकाच टेबलावर येतं.

तुमच्यापैकी कोणी यातून गेलंय का? काय केलंत, आणि आता मागे वळून पाहताना काय करायला हवं होतं असं वाटतं?

जर्सीचा_बाबा
आम्ही गेलोय. मुलगी आता कॉलेजात आहे. आमच्याकडे ताण नोव्हेंबरात यायचा. मुलींचा शाळेचा सीझन संपत आलेला, संघ राज्य स्पर्धेत पुढे पुढे जातोय आणि त्याच आठवड्यात क्लबच्या ट्रायआउट, म्हणजे निवड चाचण्या. जितकं चांगलं खेळाल तितकी पंचाईत. एका शनिवारी सकाळी तिने ट्रायआउट दिली, गाडीत सँडविच खाल्लं आणि दुपारी शाळेचा सामना खेळली. तिसऱ्या सेटमध्ये पोटरीत गोळा आला. ते माझं चुकलं. मी तेव्हा दोघांपैकी एकालाही फोन केला नाही, कारण कोचला फोन करणारा बाप म्हणून तिची जागा जाईल अशी भीती होती.

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगतो. क्लबचं करारपत्र काढा आणि नीट वाचा. बहुतेक करारांत शाळेच्या सीझनबद्दल एखादं वाक्य असतं. ते तुमच्या बाजूने असेल तर ते वाक्य उचलून ईमेलमध्ये टाका. दुसरं, नियम ६०० तुमच्या मुलाला नेमका कोणत्या तारखेपासून लागू होतो हे कोचला विचारू नका, शाळेच्या अॅथलेटिक डायरेक्टरला (खेळ विभागाच्या प्रमुखाला) लेखी विचारा. अपात्र ठरला तर सामने संघाचे जातात, नुसते त्याचे नाही.

पाऊलवाट
मी स्पष्ट बोलते, राग मानू नका. शाळेचा सीझन सोडून द्या. माझ्या दोन्ही मुली क्लब खेळल्या. शाळेत सरावाचा दर्जा वर्षागणिक बदलतो, कोच बदलतात, संघात कोणी कालच खेळायला लागलेलं असतं. वर्षभराचे हजारो डॉलर जिथे भरलेत तिथे मूल पुढे जाणार. कॉलेजचे कोच क्लबच्या स्पर्धांनाच येतात. शाळेच्या जिममध्ये कोण येतं बघायला?

ऋचा_लिबेरो
पाऊलवाट, कॉलेजचे कोच क्लबला येतात हे खरं आहे, पण का येतात ते सांगते, कारण हे मला स्वतः खेळेपर्यंत कळलं नव्हतं. (माझं मराठी मराठी शाळेतलं आहे, चुका सांभाळून घ्या.)

मुलींचा कॉलेज सीझन ऑगस्टच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंत असतो. शाळेचाही तेव्हाच. म्हणजे आम्ही शाळेत खेळत असताना कॉलेजचे कोच स्वतःच्या सामन्यांत असतात. त्यांना वेळ मिळतो जानेवारीनंतर, आणि तेव्हा एका कन्व्हेन्शन सेंटरमध्ये शेजारी शेजारी कितीतरी कोर्टांवर क्लबचे संघ खेळत असतात. एका दिवसात शंभर मुली बघून होतात. मुलग्यांचं उलटं, पण परिणाम तोच: कॉलेजचा सीझन जानेवारी ते मे, शाळेचा त्यातच. म्हणून तुमच्या मुलाकडे बघायला त्यांना मोकळा वेळ उन्हाळ्यात आणि शरद ऋतूत. त्या फेब्रुवारीतल्या वीकेंडला मुलग्यांच्या कॉलेजचे बरेच कोच स्वतःच सामने खेळवत असतील. अंगणवेल ताई, हे क्लबला विचारून बघा.

अजून एक. दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपासून पहिल्या डिव्हिजनचे (कॉलेजच्या खेळांतली सगळ्यांत वरची पायरी) कोच मुलांशी थेट संपर्क करू शकतात, आणि १ ऑगस्टपासून कॅम्पसला बोलावू शकतात. तुमच्या मुलासाठी ती तारीख याच जूनमध्ये येते. म्हणजे त्याच्यासाठी महत्त्वाची स्पर्धा जून-जुलैतली आहे, फेब्रुवारीतली नाही.

मी तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळले. तिथे खेळाची स्कॉलरशिप नसते. मला कॉलेजात क्लबमुळे घेतलं, पण संघात कसं राहायचं हे मी शाळेत शिकले, कारण तिथे माझ्यापेक्षा कमी खेळणाऱ्या मुलींबरोबर रोज खेळावं लागायचं आणि त्यांना घेऊनच जिंकावं लागायचं.

जर्सीचा_बाबा
ऋचा, मराठी उत्तम आहे. मुलग्यांचं अजून एक सांगायला हवं: त्यांच्यासाठी कॉलेजात जागाच कमी. बराच काळ पहिल्या-दुसऱ्या डिव्हिजनच्या मुलग्यांच्या संघाला साडेचार स्कॉलरशिपची मर्यादा होती, आणि संघात पंधरा-वीस जण. ती साडेचार सगळ्यांत वाटायची. "क्लबचे पैसे वसूल होतील" या हिशेबावर कुणी निर्णय घेऊ नये.

शिकागोची_सई
आमच्याकडे इलिनॉयमध्ये मुलग्यांचा शाळेचा सीझन मार्चमध्ये सुरू होतो. म्हणून फेब्रुवारीतला लाँग वीकेंड आमच्या मुलांना मोकळा असतो आणि तुमच्या मुलांना नाही. शाळेच्या सीझनमध्ये बाहेर न खेळण्याचा नियम आमच्याही राज्यात आहे. स्पर्धा देशभराची, शाळेच्या तारखा प्रत्येक राज्याच्या वेगळ्या. आयोजक कुठलीही तारीख घेवोत, कुठल्या तरी राज्याची मुलं अडकणारच.

आमच्या घरी वेगळंच आहे. मुलगी क्लबमध्ये व्हॉलिबॉल खेळते आणि वसंतात तिला शाळेकडून बॅडमिंटन खेळायचंय. खेळ वेगळा असल्याने नियम आड येत नाही, पण क्लबचे शनिवार-रविवार आणि बॅडमिंटनचे शनिवार एकच. मे महिन्यात त्यावर एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या विषयांच्या परीक्षा. रविवारची मराठी शाळा तर जानेवारीपासून बंदच पडते. मी तिथे शिकवते, माझ्याच वर्गात माझी मुलगी नसते.

मिशिगनची_माई
मी जुनी आहे, माझी मुलगी आता पस्तिशीत आहे. पण तुमचा धागा वाचून राहवलं नाही. तारखा कोण ठरवतं, हा प्रश्न आमच्या राज्यात न्यायालयात गेला होता.

आमच्याकडे मिशिगनमध्ये मुलींचा व्हॉलिबॉल हिवाळ्यात असायचा आणि बास्केटबॉल शरदात. बहुतेक सगळ्या देशात याच्या उलट. त्याचा अर्थ काय व्हायचा ते ऐका. बाकी राज्यांतल्या मुली जानेवारी-फेब्रुवारीत क्लबच्या स्पर्धा खेळत असत, कॉलेजचे कोच तिथे बसलेले असत, आणि आमच्या मुली त्या वेळी शाळेच्या सीझनमध्ये असत. माझी मुलगी उंच होती, हात चांगला होता. ती क्लबमध्ये पोचेपर्यंत मार्च उजाडायचा. तिला वाटायचं तिच्यातच काहीतरी कमी आहे. आम्हालाही तसंच वाटलं. तारखांमुळे असं होतंय हे घरात कुणाच्या डोक्यात आलं नाही.

ग्रँड रॅपिड्सच्या परिसरातल्या पालकांच्या मात्र डोक्यात आलं. (२०१७ चं बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन झालं तेच गाव.) त्यांनी 'कम्युनिटीज फॉर इक्विटी' नावाने १९९८ मध्ये राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेवर दावा लावला: गैरसोयीचे सीझन मुलींच्याच वाट्याला का? आधार होता राज्यघटनेतला समानतेचा हक्क आणि शिक्षणात मुलगा-मुलगी भेदाला बंदी घालणारा १९७२ चा टायटल नाइन कायदा. डिसेंबर २००१ मध्ये जिल्हा न्यायालयाने पालकांच्या बाजूने निकाल दिला. संघटना अपिलात गेली, वर गेली, परत खाली आली. एप्रिल २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला आणि २००७-०८ पासून मुलींचा व्हॉलिबॉल शरदात आला. नऊ वर्षं. ज्यांनी दावा लावला त्यांच्या स्वतःच्या मुली तोवर शाळेतून बाहेर पडलेल्या होत्या.

माझ्या मुलीला त्याचा उपयोग झाला नाही. पण २००७ च्या शरदात मी आमच्या जुन्या शाळेचा सामना बघायला एकटी गेले होते. बाहेर मेपलची पानं लाल झालेली आणि आत व्हॉलिबॉल. जिममध्ये बसून रडले मी.

अंगणवेल, हे सांगण्याचं कारण: तुमच्या मुलाला वाटत असेल की तो कोणाला तरी फसवतोय. त्याला सांगा, या तारखा त्याने ठरवलेल्या नाहीत.

अंगणवेल
माई, तुमची पोस्ट त्याला वाचून दाखवली. मराठी ऐकून समजतं त्याला. मधे काही बोलला नाही, शेवटी विचारलं, "नऊ वर्षं?" आणि उठून जेवला. तुम्हाला नमस्कार.

पाऊलवाट
माई, हे माहीत नव्हतं मला. धन्यवाद. माझं मत पूर्ण बदललेलं नाही, क्लबचा सराव चांगला असतो हे मी म्हणणारच. पण ऋचाचं फेब्रुवारीबद्दलचं बरोबर वाटतंय.

गुडघा_आणि_खांदा
मी एका हायस्कूलमध्ये अॅथलेटिक ट्रेनर आहे. अजून कोणी शरीराचं बोललं नाही म्हणून लिहितो.

हिशेब मांडा. शाळेचा सराव रोज अडीच तास, पाच दिवस: साडेबारा. क्लबने "हलका सराव" म्हणून आठवड्यातून दोन संध्याकाळ ठेवल्या तर त्याचे पाच. झाले साडेसतरा, सामने सोडून. आमच्या राष्ट्रीय संघटनेने, नाटाने, २०१९ मध्ये सल्ला दिला की जितकं वय तितकेच तास आठवड्याला खेळ असावा, त्याहून जास्त तास नकोत. पंधरा वर्षांच्या मुलाला पंधरा तास. आठवड्यात दोन दिवस पूर्ण सुट्टी. एकच खेळ वर्षात आठ महिन्यांहून जास्त नको. बालरोगतज्ज्ञांची अमेरिकन अकादमीसुद्धा वर्षात एकूण तीन महिने विश्रांती सांगते, एकेका महिन्याच्या तुकड्यांनी घेतली तरी चालेल. आता अंगणवेल यांनी वर लिहिलेलं वेळापत्रक बघा: सप्टेंबर ते जुलै. अकरा महिने.

सेटर प्रत्येक चेंडूमागे धावतो, उडी मारून सेट करतो, वर ब्लॉकला जातो. माझ्याकडे एप्रिलमध्ये येणाऱ्या मुलांचं दुखणं बहुतेक एकच असतं: गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध. जिना उतरताना दुखतं, मुलं सांगत नाहीत, कारण सांगितलं तर एका कोचला कळेल की दुसऱ्याकडेही उड्या मारल्या. दोन्हीकडच्या उड्या कुणीच एकत्र मोजत नाही. शाळेला वाटतं पोर ताजं आहे, क्लबलाही तसंच वाटतं.

तेव्हा तारखांबरोबर हेही ठरवा: शाळेच्या सीझनमध्ये क्लबचा सराव शून्य. आणि नॅशनल्सनंतर एक महिना चेंडूला हात नाही. सातारा त्या महिन्यात बसवता येईल का बघा.

शिवारातला
मी सांगली जिल्ह्यात शाळेत क्रीडाशिक्षक आहे. आमच्याकडे शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात, चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे गट. पोरं गावच्या मंडळाकडूनही खेळतात आणि शाळेकडूनही. कोणी अडवत नाही. आमची टक्कर परीक्षेशी आणि ऊसतोडीशी. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात म्हणून घरचे पाठवतात तरी.

तुमच्यासारखा पैसा आणि नियम आमच्याकडे नाहीत, पण एक गोष्ट मी पाळतो. मंडळाची स्पर्धा असेल तर मी मंडळाच्या दादांना स्वतः फोन लावतो. पोराच्या तोंडी निरोप पाठवत नाही. पोर मधे उभं राहिलं की ते दोन्हीकडे खोटं बोलायला शिकतं. ती त्याची चूक नसते.

अंगणवेल
शिवारातला दादा, 'पोर मधे उभं राहिलं की' हे तुमचं वाक्य मी तसंच्या तसं इंग्रजीत करून दोन्ही कोचना पाठवलेल्या ईमेलमध्ये घातलं. काय झालं ते सगळ्यांना सांगते.

आधी करार वाचला. पाचव्या पानावर लिहिलेलं निघालं की शाळेच्या सीझनमध्ये शाळेला प्राधान्य. क्लबच्या कोचना ते वाक्य आहे हेच आठवत नव्हतं. अॅथलेटिक डायरेक्टरने लेखी कळवलं की मंगळवारच्या सामन्यात खेळला तर शनिवारची स्पर्धा नाही, यात वाट काढायला जागा नाही. मग मी आणि नवरा, दोघांनी मिळून दोन्ही कोचना एकच ईमेल लिहिली. त्यात कुणालाही दोष दिला नाही. लिहिलं की तो शाळेकडून पहिल्या सामन्यापासून खेळेल, मे अखेरीनंतर पूर्णपणे क्लबचा असेल, मधल्या काळात क्लबचा सराव नाही, आणि यापुढे तारखांबद्दल काही असेल तर आमच्याशी किंवा एकमेकांशी बोला, त्याच्याशी नाही. दोघांचे फोन नंबर खाली दिले.

दोन दिवस कुणाचंच उत्तर नाही. त्या दोन दिवसांत मी काय काय विचार केला ते लिहीत नाही. तिसऱ्या दिवशी शाळेच्या कोचने क्लबच्या कोचना फोन केला. एकाच गावात इतकी वर्षं शिकवतात, पहिल्यांदा बोलले. शाळेत दोन सेटरची पद्धत चालते आणि क्लबमध्ये एका सेटरची, त्यामुळे मुलगा गोंधळतो, हे त्यांना त्या फोनवर एकमेकांकडून कळलं. आता शाळेचे कोच पाच-एक, म्हणजे एकाच सेटरची पद्धत, करून बघणार म्हणतात.

सगळं गोड झालं असं नाही. क्लबचे कोच नाराज आहेत. त्यांनी खालच्या वयोगटातला एक सेटर बरोबर घेतलाय आणि तो चांगला खेळला तर जूनमध्ये माझ्या मुलाला जागा परत मिळवावी लागेल, हे त्यांनी सरळ सांगितलं. बरोबर आहे त्यांचं. विमानाचं तिकीट परत मिळालं नाही, वर्षभरात वापरता येईल अशी जमा मिळाली. संघातल्या एका आईने मला पार्किंगमध्ये बघून मान वळवली. तिचेही पैसे त्या स्पर्धेत आहेत, मला समजतं, तरी लागलं.

मुलाने त्याच रात्री क्लबच्या संघातल्या प्रत्येकाला स्वतः मेसेज केला. आम्ही सांगितलं नव्हतं.

मिशिगनची_माई
त्या आईला एकदा चहाला बोलवा. लगेच नाही, स्पर्धा होऊन गेल्यावर.

गुडघा_आणि_खांदा
सराव शून्य हे लेखी घेतलंत, फार बरं केलंत. सासऱ्यांचं काय ठरलं?

अंगणवेल
फोन केला त्यांना. मला वाटलं वाईट वाटेल, म्हणून नवऱ्याला आधी बोलू दिलं. सासरे म्हणाले, हजार चंद्र बघून झालेत, दोन आठवडे थांबायला काय जातंय. गुरुजींना विचारून जुलैचा तिसरा आठवडा घेतलाय. तिथे महिनाभर राहणार, चेंडू इथेच ठेवून.

त्यांना मात्र एक हवंय. शाळा सामने थेट दाखवते हे नातवाने सांगितल्यापासून रोज विचारतात, मॅच कधी, फोनवर कशी लावायची. पहिला सामना मंगळवारी दुपारी साडेतीनला आहे. साताऱ्यात तेव्हा बुधवारी पहाटेचे पाच वाजलेले असतील. शेजारच्या मुलाला चार वाजता उठवायचं कबूल करून घेतलंय त्यांनी.